तिसऱ्या गोळीपासून

पहिल्या दोन गोळ्या कागदावर शेजारी शेजारी बसल्या होत्या, अंगठ्याखाली झाकता येतील इतक्या जवळ. तिसरी दोन बोटं वर आणि उजवीकडे. चौथी तिच्याही वर. पाचवी वर्तुळाच्या बाहेर.

"चार आत, एक बाहेर," चांदमारीच्या मैदानावर शिकारीआधीची नेमबाजीची परीक्षा घेणारा गडी म्हणाला. "आज दुसऱ्यांदा नापास, आस्लाउग. आता पुढच्या गुरुवारी ये. ती शेवटची तारीख. मग मैदान बंद."

"ठाऊक आहे."

"ही तुझी खास बनवून घेतलेली ना? ओस्मुनच्या हातची?" त्याने रायफलच्या दस्त्यावरून नजर फिरवली. "मग रायफलचं काही नसणार."

पुढचं वाक्य त्याने गिळलं. रायफलचं नसेल तर कुणाचं, हे रेंदालेनच्या खोऱ्यात कुणाला सांगायची गरज नव्हती.

आस्लाउगने वही मिटली. प्रत्येक बारानंतर दुर्बिणीतून बघून कितवी गोळी कुठे लागली हे ती टिपून ठेवायची. लोक त्यावरून तिची थट्टा करायचे. पण नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची सव्वीस वर्षं गेली होती; बाटली कुठल्या नळाची, कुणी भरली, किती वाजता भरली हे लिहिलेलं नसेल तर ते पाणी ती हातात घेत नसे.

रायफल पिशवीत घालताना नळी अजून गरम होती. कसलासा वास आला, डांबराचा. तिने मागे वळून पाहिलं. मैदानावरच्या शेडची काळी भिंत ऑगस्टच्या उन्हात घामेजल्यासारखी चकाकत होती. भिंतीला नवा हात दिलेला दिसतोय, असं मनाशी म्हणून तिने पिशवीची चेन ओढली.

गेल्या ऑक्टोबरात, पाऊस आणि बर्फ एकत्र पडत असताना, शिकारीला दबा धरून बसायच्या सातव्या ठाण्यावरून तिने एका मुसवर, घोड्याएवढ्या रानटी हरणावर, गोळी झाडली होती. मोठा नर होता, दलदलीच्या पलीकडच्या कडेने चालत निघालेला. गोळी पोटात लागली आणि तो जंगलात शिरला. माग काढणाऱ्या कुत्र्याला तो सापडायला दोन दिवस लागले. सापडला तेव्हा जिवंत होता. नऊ जणांच्या टोळीने ते दोन दिवस ओल्या शेवाळात गुडघाभर चालून काढले आणि एकानेही तिला शब्दाने दुखवलं नाही. तिला तेच जास्त लागलं.

टोळीचा म्होरक्या हालस्टेन, सत्तरीचा. त्याने शेवटच्या दिवशी तिला बाजूला घेतलं होतं. "पाणीवाली, हात की रायफल, ते शोधून काढ. पुढच्या शिकारीआधीच्या बैठकीत मला सांग. रायफल असेल तर दुरुस्त कर, सात तुझंच. हात असेल तर सात सोड आणि हाकाऱ्यांबरोबर चाल. त्यात लाज नाही."

लाज नव्हती, पण सात होतं. तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं त्या ठाण्यावर काढली होती. बसायचा दगड त्यांनीच वाहून आणलेला. आणि तिने सोडलं तर ते जाणार होतं तिच्या चुलतभावाकडे, इंगवाल्डकडे. यादीत पुढचं नाव त्याचं होतं. अकरा वर्षं तो हाकाऱ्यांत चालत होता.

त्या इंगवाल्डच्याच कपाटात तिची रायफल नोव्हेंबर ते जून पडून होती. तिच्या घराखालचा नळ फुटला, जमीन उखडली, बंदुकीचं कपाट भिंतीवरून उतरवावं लागलं. पाणी तपासणारीच्या घरात पाणी शिरलं म्हणून खोरं महिनाभर हसलं. रायफलचा बोल्ट, ज्याच्याशिवाय बार उडत नाही, तेवढा तिने स्वतःजवळ ठेवला होता. म्हणजे मधल्या काळात त्या रायफलीतून कुणी गोळी झाडलेली नव्हती. पण गोळी न झाडताही रायफलीला बरंच काही करता येतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने रायफल टेबलावर आडवी ठेवली, चष्मा लावला आणि वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. काडतुसं मागच्याच खोक्यातली, तोच क्रमांक. पण बदलून पाहता येतील. दुर्बिणीच्या कड्या घट्ट. सायलेन्सरचे आटे साफ. मग तिने रायफल उलटी केली आणि थांबली.

लोखंड लाकडात धरून ठेवणारे दोन स्क्रू होते. रायफल हातात आली त्या दिवशी तिने दोन्ही स्क्रूंवरून पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ ओढली होती, अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या पट्टीवर. प्रयोगशाळेत झडपांवर ओढतात तशी. कुणी झडप फिरवली तर रेघ मोडते.

दोन्ही रेघा मोडल्या होत्या. पुढच्या स्क्रूवरची अर्धी रेघ पाव फेरा पुढे गेली होती.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती ओस्मुनकडे गेली. त्याचं वर्कशॉप रस्त्याला लागून होतं, एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला मासेमारीच्या गळाच्या काठ्या. काठ्यांमुळेच तिच्या मनात आणखी एक पाल चुकचुकली. बर्फ फोडून मासे धरायला ओस्मुन दर हिवाळ्यात कुणाबरोबर बसतो, तर इंगवाल्डबरोबर.

"माझ्या दारातून बाहेर पडली तेव्हा तीन गोळ्या एका बटणाखाली झाकत होत्या," ओस्मुन दारातच म्हणाला. म्हणजे बातमी आधीच पोचली होती. "तो कागद तुझ्या वहीत चिकटवलेला आहे. आहे की नाही?"

"आहे. म्हणून तर आले. ही उघडलीस का तू?"

"कधी?"

"कधीही."

त्याने रेघा पाहिल्या, भिंग लावून पाहिल्या, आणि हसला. "मी उघडली असती तर रेघ परत ओढून दिली असती, बाई. तुला कळलंही नसतं."

हे उत्तर तिला अजिबात आवडलं नाही. खरं बोलणारा माणूस एवढं नीट बोलत नाही.

ओस्मुनने सायलेन्सर काढला, नळीचं तोंड दिव्याखाली धरलं. तोंडाची कड शाबूत होती. पण आट्यांच्या जरा खाली त्याचं बोट थांबलं.

"काय?"

"इथे कुणीतरी घासलंय. बारीक लोखंडी काथ्याने. हलक्या हाताने, पण घासलंय. गंज होता इथे."

"माझ्या रायफलीला गंज?"

"मी कुठे म्हणालो तुझ्यामुळे?" त्याने तिच्याकडे बघणं टाळलं. "मी फक्त दिसतं ते सांगतोय."

तिने पिशवीतून गाळणीच्या कागदाची पट्टी काढली. चांगल्या रायफलीची नळी लाकडाला कुठेच टेकत नाही. मधल्या फटीतून कागद सरकला पाहिजे. पट्टी टोकाकडून आत गेली, वीतभर अंतरावर किंचित अडखळली, मग सरळ पुढे सरकली.

"सरकला," ओस्मुन म्हणाला.

"अडखळला."

"अडखळला आणि सरकला. तू पाण्यात जंतू मोजतेस, आस्लाउग. लाकूड म्हणजे पाणी नव्हे." मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, कधी कधी माणसाचा हात..."

"पाचही गोळ्या एकाच हाताने झाडल्या. पहिल्या दोन बरोबर बसतात. तिसरीपासून माझा हात बदलतो का?"

ओस्मुनने रायफल तिच्याकडे परत सरकवली. ती बाहेर पडली तेव्हा त्याने खिडकीतून पाहिलं आणि खिशातून फोन काढला. कुणाला लावला, हे तिला दिसलं नाही, पण तिने मनात नाव लिहून टाकलं.

इंगवाल्डच्या अंगणात ती पोचली तेव्हा तो लाकडं रचत होता. एकसष्टीचा माणूस, ओंडक्यासारखा रुंद, आणि लाकडं अशी रचणारा की मधून उंदीर जाणार नाही. गाडी बघून त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं नाही.

"नापास झालीस म्हणे."

"ओस्मुनचा फोन आला वाटतं."

"दुकानात कळलं. पावाच्या रांगेत." तो लाकूड या हातातून त्या हातात घेत राहिला. "होतं असं."

"इंगवाल्ड, हिवाळ्यात माझी रायफल कपाटातून बाहेर काढली होतीस?"

"कशाला काढू?"

"मी विचारतेय."

"आणि मी सांगतोय. कशाला काढू? माझ्या दोन आहेत, त्याच पुसून होत नाहीत." त्याने लाकूड ढिगावर ठेवलं. वाकडं बसलं. इंगवाल्डच्या ढिगावर वाकडं लाकूड तिने पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. अजून कुणाकडे असणार?"

"एक कप कॉफी देशील?"

"संपलीय," इंगवाल्ड म्हणाला.

रेंदालेनमध्ये घरातलं पीठ संपतं, लाकूड संपतं, नवरा-बायकोचं बोलणं संपतं. कॉफी संपत नाही. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून तिचा ताजा वास येत होता. खाई त्याला खवखवे, असं मनात म्हणत ती गाडीत बसली.

रविवारी सकाळी मैदानावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिने दोन कागद लावले. पहिल्यावर पाच गोळ्या, पण प्रत्येक बारानंतर दहा मिनिटं थांबून, नळीला हाताची पाठ लावून ती गार झाली की नाही हे बघून. थांबलेल्या वेळात ब्रेडवर तपकिरी चीज लावून आणलेला डबा संपला. पाचही गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत.

दुसऱ्या कागदावर पाच गोळ्या लागोपाठ. दोन जवळ, तिसरी वर, चौथी आणखी वर, पाचवी उजवीकडे पार दूर.

हात नव्हता. हात दहा मिनिटांत गार होत नाही. गरम झाल्यावर नळी कशाला तरी टेकत होती.

तिने गरम नळीखाली गाळणीच्या कागदाची नवी पट्टी सरकवली. टोकापासून वीतभर आत ती जी अडकली ती हलेना. ओढून काढली तेव्हा पांढऱ्या कागदावर तपकिरी चिकट पट्टा उमटला होता. तिने तो नाकाशी नेला.

डांबर. पाइनच्या बुंध्यातून काढतात ते, जवसाच्या तेलात मिसळलेलं.

शेडची भिंत पन्नास पावलं दूर होती आणि वारा उलट्या दिशेने होता. तरी तिने खात्री केली. घरी जाऊन कागदाच्या पट्ट्यावर रंगाच्या थिनरचा एक थेंब टाकला. थेंब पसरत गेला, मागे तपकिरी ठिपका आणि कडेला पिवळं कडं. ओस्मुनने तो दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा केला होता आणि त्याला पातळ, कडक वार्निश दिलं होतं. ते असं विरघळत नाही. खोऱ्यात डांबर आणि जवसाचं तेल एकास एक मिसळून, गरम करून लावणारी माणसं आता उरली होती किती? आणि त्यांतल्या कुणाकडे तिच्या रायफलीच्या कपाटाची किल्ली होती?

अकरा वर्षं हाकाऱ्यांत चालून माणूस किती थकत असेल, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता तेही उत्तर तिला मिळालं, असं तिला वाटलं.

इंगवाल्ड सरोवराच्या काठी होता, नावेच्या शेडमध्ये. नाव उलटी लाकडी घोड्यांवर चढवलेली, काळीभोर, आणि तो बुडाशी एका फळीला हाताने चाचपत होता. शेडमध्ये तोच वास होता. आस्लाउगने कागदाची पट्टी नावेवर ठेवली.

"हे काय?"

"तूच सांग. माझ्या दस्त्याच्या आतून निघालंय."

त्याने पट्टी उचलली नाही. नुसती पाहिली.

"सात हवं होतं तर मागायचं होतंस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द वेगळा पडत होता. "मी कदाचित दिलंही असतं. हे कशाला? हिवाळ्यात रायफल उघडायची, आत डांबर भरायचं, आणि दारात उभं राहून म्हणायचं, होतं असं! कॉफी संपलीय म्हणे!"

इंगवाल्डचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "भरायचं?" तो म्हणाला. "भरायचं? अगं, मी तुझी रायफल बिघडवली असं म्हणतेस तू?"

"मग काय केलंस?"

"काही नाही केलं."

"इंगवाल्ड."

तो उलट्या नावेला टेकला. त्याने फळीवरची एक गाठ नखाने खरवडली. "तू ओली ठेवली होतीस," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"पिशवीत. सायलेन्सर नळीवर तसाच. नोव्हेंबरात आणून दिलीस तेव्हा मी नाही बघितलं, पिशवीसकट आत ठेवली. ईस्टरच्या आठवड्यात कपाट उघडलं तर बुरशीचा वास. पिशवी काढली तर आत ही. दस्त्यावर पांढरी बुरशी, लाकूड फुगलेलं, सायलेन्सर गंजून आट्यांत बसलेला. दोन दिवस तेल सोडलं तेव्हा निघाला." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आपल्या आजोबांनी एका गड्याला ओली बंदूक ठेवली म्हणून टोळीतून काढलं होतं. गोळी चुकली म्हणून नव्हे. आठवतं ना?"

तिला आठवत होतं. ही गोष्ट तिला वडिलांनी सांगितली होती, सातव्या ठाण्याच्या दगडावर बसून.

"मी कायम पुसून ठेवते," ती म्हणाली.

"ठेवतेसच. म्हणून तर मी बोललो नाही. हालस्टेनच्या कानावर गेलं असतं तर... एक मुस जखमी झालेला, त्यात हे. मी उघडली, गंज घासला, लाकूड चुलीपासून लांब ठेवून वाळवलं, आणि नावेसाठी मिश्रण गरम केलेलंच होतं, तर तीन हात दिले. आतूनही दिले. लाकूड आतून प्यालं तरच टिकतं." तो जरासा हिरमुसला. "चांगलं दिसत होतं. मला वाटलं, तुझ्या लक्षातसुद्धा येईल की कसं चकाकतंय."

त्या मुलखातली नाव, स्की, शिडी, चर्चचं छप्पर, लाकडाची प्रत्येक वस्तू वसंतात डांबर पिते. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये मुद्दाम सोडलेली फट भरून टाकणं म्हणजे रायफल आंधळी करणं, हे इंगवाल्डच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. त्याच्या रायफली आजोबांच्या काळातल्या. त्यांत फट नव्हती.

"आणि नाही असं का सांगितलंस? मी विचारलं तेव्हा?"

"तू पोलिसासारखं विचारलंस."

तिला वाटलं, हा खोटं बोलतोय. वाटायला हवं होतं म्हणून वाटलं. ती सरळ घरी गेली आणि गेल्या वर्षीची वही काढली. शिकारीच्या प्रत्येक दिवसाखाली शेवटची ओळ ठरलेली असे: नळी पुसली, सायलेन्सर काढला, दस्ता वाळवला, वेळ. तिने पानं उलटली. त्या ऑक्टोबरातल्या तारखेखाली वाऱ्याची दिशा होती, तापमान होतं, बाराची वेळ होती. शेवटची ओळ नव्हती.

पुढची दोन पानं मुसच्या मागाची होती. त्यांतही नव्हती.

स्वयंपाकघरात ती उभीच होती. ओस्मुन सुटला, इंगवाल्ड सुटला. मग, संध्याकाळचे पाच वाजायच्या सुमाराला, तिच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली आणि ती खाली बसली.

डांबर ईस्टरचं होतं. मुस ऑक्टोबरातला.

त्या दिवशी रायफल ठीक होती. शिकारीच्या आदल्या आठवड्यातला कागद वहीतच होता, तीन गोळ्या, एका बटणाएवढ्या. आणि त्या मुसवर तिने एकच गोळी झाडली होती, पहिली, गार नळीची. यादीतली सगळी नावं खोडून झाली होती, आणि यादीत एक नाव तिने कधी लिहिलंच नव्हतं, स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. तसं ती आजारी असतानाही करत नसे. अंतर मोजायचं लेसरचं यंत्र घेऊन ती सातव्या ठाण्यावर गेली आणि वडिलांच्या दगडावर बसली. समोर दलदल, कापसाच्या बोंडांसारखी पांढरी गवतं, आणि पलीकडच्या कडेला तो एकटा पाइन, ज्याच्याजवळून तो नर चालत निघाला होता. "त्या पाइनपर्यंत शंभर," वडील म्हणायचे. तिने ते ठाण्याबरोबरच घेतलं होतं, दगडासारखं. टोळीच्या नोंदीतही तिने तेच लिहिलं होतं: अंतर शंभर मीटर.

तिने यंत्र डोळ्याला लावलं. एकशे एकाहत्तर.

पुन्हा लावलं. एकशे एकाहत्तर. उभं राहून, एकशे सत्तर.

हिशोब करायला कागदाची गरज नव्हती. शंभरावर जुळवलेली रायफल तेवढ्या अंतरावर दहा-बारा सेंटिमीटर खाली मारते. जनावर चालत होतं, म्हणजे थोडी मागेही. फुफ्फुसांऐवजी पोट. हात थरथरला नव्हता, रायफल चुकली नव्हती. गोळी तिने सांगितली तिथेच गेली होती. वडिलांनी तरी ते मोजलं होतं का, की त्यांनाही कुणी शंभर सांगितलं होतं? ते आता विचारता येणार नव्हतं. पण यंत्र तीन वर्षं तिच्या खिशात होतं.

बुधवारी तिने दस्ता उघडला. आतला चर गोल काठीला सँडपेपर गुंडाळून घासला, तपकिरी चुरा निघेतो, मग लाकडाचा खरा रंग दिसेतो. बाहेरचं डांबर तिने तसंच ठेवलं. खरंच चकाकत होतं. स्क्रू बेतानेच आवळून नव्या रेघा ओढल्या. गुरुवारी मैदानावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही वर्तुळात, आणि शेवटची, नळी गरम असूनही, पहिलीच्या शेजारी.

"रायफलच होती तर!" परीक्षा घेणारा गडी म्हणाला.

तिने पाच गोळ्यांचा कागद उतरवून वहीत ठेवला.

बैठक शनिवारी दुपारी हालस्टेनच्या स्वयंपाकघरात होती. वॅफलची परात, मुरंबा, दोन थर्मास कॉफी, आणि टेबलाच्या टोकाला त्याची निळी फाइल. नऊच्या नऊ जण आले होते. इंगवाल्ड दाराजवळ बसला होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

"तर पाणीवाली," हालस्टेन म्हणाला. "पास झालीस, ते कळलं. आता सांग. गेल्या वर्षी काय होतं, हात की रायफल?"

तिने पाच गोळ्यांचा कागद पुढे सरकवला आणि तोंड उघडलं, पण इंगवाल्ड आधी बोलला.

"रायफल. चूक माझी. दस्त्याला मी डांबर लावलं होतं, आतून. नळी टेकत होती. ओस्मुनला विचारा."

टेबलाभोवती सुटकेचा उसासा गेला. कुणीतरी हसलं, "डांबर! याला सांभाळा रे, उद्या कुत्र्याला लावेल!" हालस्टेनने फाइलवर बोट आपटलं.

"कधी लावलंस?"

"आपलं... गेल्या वर्षी."

"गेल्या वर्षी कधी?"

इंगवाल्डने कपात पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. तिने आठवडाभरात एवढं तरी ओळखायला हवं होतं.

"या ईस्टरला," आस्लाउग म्हणाली. "मी रायफल ओली ठेवली होती म्हणून. ऑक्टोबरात रायफलीला काहीही झालेलं नव्हतं. त्या पाइनपर्यंत शंभर नाहीत, हालस्टेन. एकशे एकाहत्तर आहेत. मी मोजलं नव्हतं."

वॅफलकडे गेलेला एक हात परत आला.

हालस्टेनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराजवळ बसलेल्या इंगवाल्डकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचे डोळे बारीक झाले. "तुम्ही दोघांनी काही ठरवलंय का? हा म्हणतो माझी चूक, ही म्हणते माझी. आणि सात मिळणार याला. मला काय खुळा समजता?"

"यंत्र गाडीत आहे," ती म्हणाली. "सोमवारी तू स्वतः मोज."

"मोजणारच आहे."

"आणि ती नोंद दे माझी."

त्याने फाइलमधून गेल्या वर्षीचा कागद काढून दिला. तिने शंभरवर एक आडवी रेघ मारली, एकच, खालचा आकडा वाचता येईल अशी. प्रयोगशाळेत चुकलेला आकडा खोडून दिसेनासा करायचा नसतो, पुसायचा तर मुळीच नसतो. वर १७१ लिहिलं, शेजारी तारीख आणि आपली आद्याक्षरं. खाली, रिकाम्या जागेत, आणखी एक ओळ: त्या दिवशी रायफल पुसली नाही.

"मला सात नको," इंगवाल्ड दाराजवळून म्हणाला. "एकशे एकाहत्तर! माझी दुर्बीण आजोबांच्या वेळची आहे."

"घे," आस्लाउग म्हणाली. "ऐंशी मीटरवर एक खुंटी ठोकून देते. मुस खुंटीच्या पलीकडून गेला तर जाऊ द्यायचा." मग तिने त्याच्या कपाकडे पाहिलं. "आणि त्या खुंटीला डांबर लावायचं असेल तर लाव."